गव्हावाचून भरलेले ताट



या अंकात थेट स्वयंपाकघरात शिरायचे ठरवले आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की आपल्या कार्याला अनेक वर्षे हातभार लावणाऱ्या एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीला सीलिअॅक आजार असल्याचे निदान झाले. तिच्या आईने मला फोनवर विचारले, "ताई, आता हिला पोळी नाही, बिस्कीट नाही, नाताळचा केक नाही. मग खायला द्यायचे तरी काय?" दुसरे कारण आमच्या पाड्यांवरचे आहे. त्या आईला हवे असलेले धान्य जिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकते, त्याच घरांतून ते कमी होत चालले आहे. या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येतील असे मला वाटते, म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सीलिअॅक असलेल्या व्यक्तीने ते खाल्ले, की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. काहींना जुलाब, पोटफुगी असा त्रास होतो. काही मुलांची फक्त वाढ खुंटते किंवा रक्त वाढत नाही, त्यामुळे खरे कारण लवकर लक्षात येत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. आईच्या हाताने काही चुकले म्हणून तो होतो असेही नाही.

गव्हाचा संबंध कसा उमगला, ती हकिकत सांगण्याजोगी आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही या आजाराची मुले सुधारताना दिसली, आणि पाव परत आला तसा त्यांचा त्रासही परतला. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध लिहिला. आजही या आजारावर मान्य उपचार एकच आहे, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेनमुक्त आहार. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात या आजाराचे प्रमाण साधारण शंभरात एक इतके आढळले आहे.

येथे दोन गोष्टी आवर्जून सांगते. शंका असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू बंद असताना रक्ततपासणी केली तर आजार असूनही तो दिसत नाही. दुसरे, ज्यांना हा आजार नाही त्यांनी गव्हाला घाबरण्याचे कारण नाही. गहू हेही देवाचेच देणे आहे.

काय चालते, काय नाही

तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी आणि कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, मटण हे सगळे चालते. म्हणजे ताट रिकामे मुळीच नाही.

गहू, रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया, जव व त्याचे माल्ट आणि बाजारचे पाव-बिस्कीट चालत नाही. खपली हाही गहूच आहे, तो "जुना, देशी" असला तरी या रुग्णांना चालत नाही. शुभवर्तमानातील त्या मुलाच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. जवातही ग्लुटेन असते, हे ध्यानात ठेवावे. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सोया सॉस, तयार मसाले, "नाचणी बिस्कीट" यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये. नाचणी बिस्किटात बऱ्याचदा मैदाही असतो. आपल्या देशाच्या नियमानुसार एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहिता येते.

यावरून किती थोडे पीठ पुरेसे आहे ते कळेल. म्हणून अशा घरात पोळपाट-लाटणे, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्या मुलासाठी पापड तळू नयेत. गिरणीत गव्हानंतर तांदूळ दळला तर गव्हाचे पीठ त्यात येतेच. घरघंटी असेल तर ती फक्त याच धान्यांसाठी ठेवावी, नसेल तर थोडे थोडे मिक्सरवर दळावे.

गव्हाचा चिकटपणा कशाने भरून काढायचा?

गव्हाची कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, केक फुगतो, हे सगळे ग्लुटेनमुळे. इतर पिठांत तो चिवटपणा नसतो, म्हणून नवख्या हाताला भाकरी मोडते आणि लाडू फुटतो. शहरात यासाठी निरनिराळ्या पावडरी महाग मिळतात. पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात कोकणा, वारली, महादेव कोळी बाया रोज गव्हाशिवाय रांधत आल्या आहेत. त्यांची हातोटी पाहिली तर चार युक्त्या दिसतात: उकड, आंबवण, पान आणि गूळ. प्रत्येकीचा एक पदार्थ देते.

उकड: नागलीची भाकरी. आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. एक वाटी पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घाला. आच बंद करून एक वाटी नागलीचे पीठ त्यात घाला, ढवळून दहा मिनिटे झाकून ठेवा. कढत पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. ग्लुटेनचे काम तोच करतो. कोमट असतानाच ओल्या हाताने भरपूर मळा. पीठ जितके मळाल तितकी भाकरी कडेला कमी चिरते. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका, वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकले की उलटा आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगवा.

आंबवण: वरीची इडली. दोन वाट्या वरीचे तांदूळ, पाऊण वाटी उडीदडाळ आणि अर्धा चमचा मेथीदाणे पाच-सहा तास भिजवा. डाळ वेगळी, अगदी मऊ वाटा, वरी किंचित रवाळ ठेवा. एकत्र करून रात्रभर उबेला ठेवा. उडदाचा बुळबुळीतपणा पीठ धरून ठेवतो आणि आंबल्यामुळे ते हलके होते. सकाळी मीठ घालून इडल्या करा. उरलेल्या पिठात थोडे पाणी घालून संध्याकाळी घावन होतात. शाळेच्या डब्यासाठी हा पदार्थ फार सोयीचा आहे.

पान: केळ्याची पानगी. एक वाटी तांदळाचे पीठ, एक पिकलेले केळे कुस्करून, दोन चमचे गूळ, चिमूट मीठ आणि लागेल तसे दूध किंवा नारळाचे दूध घालून दाटसर भिजवा. केळीच्या पानाला तेलाचा हात लावून त्यावर पीठ पातळ पसरा, वरून दुसरे पान ठेवा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. पान करपले आणि पानगी आपोआप सुटू लागली की झाली. लाटायचे नाही, थापायचे नाही. आकार पानच सांभाळते.

गूळ: नागलीचे लाडू. दोन वाट्या नागलीचे पीठ पाऊण वाटी तुपात मंद आचेवर दहा-बारा मिनिटे खमंग भाजा. पीठ कच्चे राहिले तर लाडू टाळ्याला चिकटतो. उतरवून कोमट झाल्यावर एक वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या तिळाचा किंवा शेंगदाण्याचा कूट आणि वेलची घालून मळा आणि वळा. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या पिठात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. आतडे झिजलेल्या मुलांची हाडेही कमकुवत होतात, त्यांच्यासाठी हा लाडू निव्वळ खाऊ राहत नाही.

सगळ्या घराचे एकच जेवण

त्या मुलीसाठी वेगळे रांधून तिला वेगळे बसवू नये. आठवड्यातून काही दिवस तरी सगळ्या घराने एकच ताट जेवावे. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि खुरासणीची चटणी, हे आमच्या भागातले साधे जेवण पूर्ण ग्लुटेनमुक्त आहे. पिठल्यासाठी तेलात लसूण, मिरची, हळद परतून दोन वाट्या पाणी घाला. पाव वाटी कुळथाचे पीठ थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडा, आमसूल आणि मीठ घालून शिजवा. हिंग लागतच नाही. रविवारच्या कोंबडीच्या रश्शाला दाटपणा हवा असेल तर मैद्याऐवजी भाजलेले तांदळाचे पीठ किंवा वाटलेले सुके खोबरे वापरा.

नाताळच्या फराळातही बरेच पदार्थ मुळातच चालणारे आहेत: अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, तांदूळ-डाळीच्या भाजणीची चकली. करंज्या आणि शंकरपाळे तेवढे वेगळ्या दिवशी, वेगळ्या तेलात करावेत.

केकही होतो. एक वाटी नागलीचे पीठ, अर्धी वाटी तांदळाचे पीठ आणि दीड चमचा बेकिंग पावडर चाळून घ्या. तीन अंडी, पाऊण वाटी गुळाची पावडर आणि अर्धी वाटी तेल भरपूर फेटा. त्यात पीठ व अर्धी वाटी दही मिसळा. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजा. येथे धरून ठेवण्याचे काम अंडी करतात, म्हणून फेटण्यात आळस नको. केक पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापला तर भुगा होतो.

मंडळीच्या प्रीतिभोजनात अशा एखाद्या पदार्थावर चिठ्ठी लावून तो वेगळ्या चमच्यासह टेबलाच्या एका बाजूला ठेवावा. प्रभुभोजनाची भाकरही गव्हाची असते, याचा विसर पडू नये. कॅथलिक मंडळीत ओस्ती गव्हाचीच लागते, मात्र अत्यल्प ग्लुटेनची ओस्ती किंवा केवळ द्राक्षारस घेण्याची मुभा आहे. इतर मंडळ्यांत पाळकसाहेबांशी आधी बोलून तांदळाच्या भाकरीची सोय करता येते. मूल मेजापासून दूर राहू नये एवढेच.

आता पाड्यावरची बाजू

नागली डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर येते. आधी राब भाजायचा, पावसात रोप करायचे, मग चिखलात वाकून एकेक रोप लावायचे. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडपणी. वरीचे तूस काढणे तर त्याहून कष्टाचे, आणि यातले बहुतेक काम बायांच्या वाट्याला येते. एवढे करून गावात येणारा व्यापारी पडेल त्या भावाने पोते उचलतो. मग लोक म्हणतात, त्यापेक्षा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेले बरे. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, दुकानात पाच रुपयांचा बिस्कीटपुडा मिळतो. एका आजीने मला सांगितले, "बाई, पोरंच काळी भाकर नको म्हणतात. शाळेत हसतात त्यांना."

मला सर्वांत अधिक खुपते ते हे हसणे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातल्या दुकानांत नागली सुंदर पाकिटांत आली. पण ज्या घरात ती पिकते तेथील मुलाला तिची लाज वाटते, आणि त्याच्या हातात बिस्कीट असते. त्या मुलाला सीलिअॅक नाही, त्याला गव्हाने अपाय होत नाही. त्याचे नुकसान वेगळे आहे: घरची पौष्टिक भाकरी सुटते आणि तिच्या जागी मैदा आणि साखर येते.

म्हणून आमच्या वसतिगृहात आठवड्यातून तीन दिवस नागलीची भाकरी आणि शनिवारी लाडू असतो. धान्य मुलांच्याच पालकांकडून घेतो. सुरुवातीला पानात भाकरी उरायची. मोठ्या मुलींनी लाडू वळायला घेतले तेव्हापासून उरत नाही.

आपण काय करू शकता

बचतगटाच्या बाया नागली आणि वरी निवडून विकतात. पीठ नको, अख्खे धान्य घ्या आणि घरी निवडून, धुऊन, वाळवून दळा. त्यांच्या धान्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, म्हणून आम्ही त्यावर "ग्लुटेनमुक्त" असे लिहीत नाही. घरात सीलिअॅकचा रुग्ण असेल तर ही गोष्ट लक्षात घेऊन, डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्या. इतर सर्वांनी निःशंक घ्यावे. घासाघीस मात्र करू नये.

दुसरे, आमच्या मुलांना भेटायला याल तेव्हा बिस्किटांचे खोके आणू नका. शेंगदाणे, गूळ, तीळ, अंडी किंवा फळे आणा. आणि जेवायच्या वेळी या. मुलांच्या पंगतीत बसून त्यांची काळी भाकरी आवडीने मागून घ्या. पाहुण्याने दुसरी भाकरी मागितली, की वाढणाऱ्या मुलीचा चेहरा कसा खुलतो, ते एकदा पाहावे.