अंडाशयाच्या कर्करोगाचा उगम

अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत जीवघेणा प्रकार म्हणजे उच्चश्रेणीचा सिरस कार्सिनोमा. तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही, शेजारच्या अंडवाहिनीत सुरू होतो. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी हा माग काढला तो आधी सुरी, मेण आणि सूक्ष्मदर्शकाच्या आधारे. जनुकांचे वाचन करणारी यंत्रे या कामात नंतर आली.

बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बर्कलेत दाखवले आणि १९९४ मध्ये ते हाती लागले. हे किंवा बीआरसीए२ जनुक जन्मतः बिघडलेले असेल, तर या रोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे अशा अनेक स्त्रिया रोग होण्याआधीच अंडाशय आणि अंडवाहिन्या काढून घेऊ लागल्या. पूर्वी अशा नळीचे दोन-तीन काप पाहून तपासणी संपत असे. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना या वरकरणी निरोगी नळ्यांत संशयास्पद पेशी दिसल्या. पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये ख्रिस्तोफर क्रम यांच्या गटाने अख्खी नळी तपासण्याची शिस्त घालून दिली.

नळी आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून घट्ट होऊ देतात. इथे घाई केली तर आतले नाजूक अस्तर सुरीबरोबर निघून येते. मग अंडाशयाकडचे झालरीसारखे टोक वेगळे करून ते उभे चिरतात, कारण आडव्या कापात त्याच्या घड्यांचा फारच थोडा भाग दिसतो. उरलेल्या नळीचे दर दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप घेतात. सगळे तुकडे पॅराफिनच्या ठोकळ्यांत बसवले जातात. मायक्रोटोमवर त्यांच्या चार-पाच मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या निघतात. त्या कोमट पाण्यावर सोडून, सुरकुती पडू न देता काचपट्टीवर उचलायच्या असतात. हे हातसफाईचे काम आहे, आणि शोधनिबंधात त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

पुढे पी५३ प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून रंग चढवतात. निरोगी अस्तरात काही केंद्रके फिकट तपकिरी दिसतात, काही दिसत नाहीत. हे प्रथिन घडवणाऱ्या टीपी५३ जनुकात एखादे अक्षर बदलले असेल, तर बिघडलेले प्रथिन पेशीत साचते आणि ओळीने डझनभर केंद्रके गडद तपकिरी होतात. जनुक अर्धवट तुटले असेल तर उलटे घडते, तेवढ्या पट्ट्यात रंगाचा मागमूसही नसतो. नवशिक्याला हा कोरा पट्टा निरोगी वाटतो. प्रत्यक्षात त्याच्याइतके धोक्याचे चिन्ह क्वचितच असते. पेशी वेगाने वाढत आहेत का, हे केआय-६७ या दुसऱ्या रंगकामावरून कळते. दोन्ही खुणा आणि पेशींचा विस्कळीतपणा एकत्र आला की ती कर्करोगाची अगदी सुरुवातीची जागा मानतात.

ती जागा लेझरने कापून तिचा डीएनए त्याच स्त्रीच्या अंडाशयातल्या गाठीशी ताडला, तेव्हा दोन्हीकडे टीपी५३ मधली तीच चूक सापडली. तरीही गाठीतल्या पेशीच नळीकडे परत आल्या असतील, ही शंका रास्त होती. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१७ मध्ये जनुकीय बदलांचा क्रम मांडून नळीतली जागा आधीची असल्याचे दाखवले. नळीतल्या जागेपासून अंडाशयातल्या गाठीपर्यंत सरासरी सुमारे सात वर्षे जातात, असा त्यांचा अंदाज होता. तो मोजक्याच रुग्णांवर बेतलेला आहे, हे मात्र विसरू नये.

त्याआधी २०११ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अॅटलस’ प्रकल्पाने अशा ३१६ गाठींच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९६ टक्के गाठींत टीपी५३ बिघडलेले होते. सुमारे निम्म्या गाठींत डीएनएच्या अचूक दुरुस्तीची यंत्रणाच कोलमडलेली असावी, असेही दिसले. याच दुबळेपणावर घाव घालणाऱ्या ओलापारिब या औषधाला डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्रयोगासाठी जिवंत पेशी लागतात, आणि घोळ इथेच होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये २०१३ साली प्रयोगशाळेत वाढवले जाणारे ४७ पेशीवंश ताडून पाहिले, तेव्हा सर्वाधिक वापरातल्या दोन वंशांचे खऱ्या गाठींशी फारसे साम्य नसल्याचे आढळले. वर्षानुवर्षांचे निष्कर्ष त्यांच्यावर उभे होते. रॉनी ड्रॅपकिन यांच्या गटाने थेट अंडवाहिनीच्या स्रावी पेशी वाढवून त्यांत कर्करोग घडवण्याचा मार्ग धरला. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या शर्मिला बापट यांच्या गटाने रुग्णाच्या पोटात साठलेल्या पाण्यातून मिळवलेल्या पेशींवर काम करून २००५ मध्ये अंडाशय-कर्करोगातल्या मूळपेशींसारख्या पेशींची नोंद केली होती.

उपचारांची दिशाही बदलते आहे. दुसऱ्या कारणाने शस्त्रक्रिया होत असेल तर नळ्या काढण्याचा विचार व्हावा, अशी सूचना अमेरिकेतल्या स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये केली. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हणताना नळ्यांचे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. जन्मजात धोका असलेल्यांपुढचा पेच अधिक अवघड असतो. अंडाशय लवकर काढले की पाळी अकाली जाते, हाडे आणि हृदय यांना त्याची झळ लागते. बीआरसीए१ बिघडलेल्या ३५ ते ५० वर्षांच्या स्त्रियांत आधी फक्त नळ्या काढून अंडाशय नंतर काढले तर चालेल का, हे अमेरिकेतली ‘सोरॉक’ ही चाचणी तपासत आहे. रोगाची वाढ इतकी संथ असल्याने त्या स्त्रियांवर बरीच वर्षे लक्ष ठेवावे लागणार आहे.