मुक्तस्रोत आज्ञावलींची पॅकेजबांधणी व व्यावसायिक सर्व्हरवरील स्थापना : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव येथील पतसंस्था, जिनिंग कारखाने, रुग्णालये व महाविद्यालये यांच्या कार्यालयांत सर्व्हर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. परवाना शुल्क नसल्याने लिनक्स व तदनुषंगिक मुक्तस्रोत आज्ञावली अशा संस्थांना परवडतात. तथापि आज्ञावली एकदा बसविणे आणि ती पाच वर्षे सांभाळणे या भिन्न गोष्टी होत. बसविणारा तंत्रज्ञ पुण्याला निघून गेल्यावर कोणती फाईल कोठून आली हे सांगणारे कोणी उरत नाही. ही माहिती व्यक्तीऐवजी यंत्रणेकडे कशी राहील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅकेजचे स्वरूप :
१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात आज्ञावली 'पॅकेज' या स्वरूपात वितरित होते. त्यात फाईलींसोबत आवृत्तीक्रमांक, पूरक घटकांची यादी आणि स्थापनेच्या आधी व नंतर चालावयाच्या सूचना असतात. ग्रंथपालांना परिचित असलेली, न्यूझीलंडमध्ये जन्मलेली व २००० साली वापरात आलेली कोहा प्रणाली याचे उत्तम उदाहरण होय. मूळ संहितेवरून ती बसवू गेल्यास पर्ल भाषेची असंख्य मोड्यूले, वेबसर्व्हर व झेब्रा शोधयंत्रणा यांची जुळवाजुळव हाताने करावी लागते. एक मोड्यूल राहिले तरी काम अडते. कोहाच्या अधिकृत भांडारातील पॅकेज घेतल्यास 'ॲप्ट' ही यंत्रणा भांडाराची अंकीय स्वाक्षरी तपासून सर्व पूरक घटक स्वतः आणते.

आपल्याकडील विजेचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. स्थापना चालू असताना वीज गेली, तर कोणते पॅकेज अर्धवट राहिले याची नोंद 'डीपीकेजी'जवळ असते व उरलेले काम बहुधा एका आज्ञेने पूर्ण करता येते. हाताने केलेल्या स्थापनेत अशी नोंदच नसते. तसेच संस्थेने स्वतः बदललेली संरचना-फाईल अद्ययावतीकरणात मुकाट्याने पुसली जात नाही. आधी विचारणा होते.

मर्यादा व उपाय :
डेबियनच्या स्थिर शाखेत आवृत्ती जुनी दिसते, परंतु सुरक्षाविषयक दुरुस्त्या तिच्यातच जोडलेल्या असतात. केवळ क्रमांक पाहून सर्व्हर कालबाह्य ठरविणारे लेखापरीक्षण म्हणूनच फसवे ठरते. उलट सर्व घटक एकाच गठ्ठ्यात कोंबण्याचा प्रघात सोयीचा वाटला तरी डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या घटकातील दोष उघड झाला, तेव्हा तो कोणकोणत्या गठ्ठ्यांत दडला आहे हे पॅकेजांच्या यादीवरून कळेना. अर्थात पॅकेज म्हणजे अभयपत्र नव्हे. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेली एक्सझेड आज्ञावलीतील घुसखोरी डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचली होती. स्थिर शाखा मात्र वाचली.

अधिक चिंतेची बाब म्हणजे मुदत संपलेली प्रणाली तक्रार करीत नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यावरील सर्व्हर पूर्ववत चालतात, फक्त दुरुस्त्या येत नाहीत.

लहान संस्थांनी निदान आपल्या स्थानिक संरचना व बॅकअपच्या सूचना यांचे स्वतंत्र छोटे पॅकेज बांधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याला दोन-तीन दिवसांचे श्रम लागतात. पण यंत्र जळाल्यास नवा सर्व्हर त्याच स्थितीत उभा करता येतो. कार्यालयात अनेक संगणक असतील, तर एका यंत्रावर 'ॲप्ट-कॅशर' बसवावा, म्हणजे तेच पॅकेज मंद जोडणीवरून पुनःपुन्हा उतरवावे लागत नाही. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते. पॅकेजांची वर्णने मात्र बहुतांशी इंग्रजीतच आहेत, आणि त्यांचे भाषांतर करण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.