सुरकुत्या भरणारी सुई

लग्नसराई जवळ आली की त्वचारोगतज्ज्ञांकडे एक विचारणा हमखास वाढते. डोळ्यांखालचे खड्डे आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या त्या दोन रेषा जातील का? बऱ्याच कमी होतील, हे उत्तर खरेच आहे. मात्र विचारायला हवे असे आणखी काही प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

या इंजेक्शनांना फिलर म्हणतात. त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिड. नावात अ‍ॅसिड असले तरी ते भाजत नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरापासून ते वेगळे केले. ते आपल्या सांध्यांत असते, डोळ्यांत असते आणि सर्वात जास्त त्वचेत असते. पाणी धरून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ते साधारण १५ ग्रॅम असते आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होते.

मराठीत 'चेहरा उतरला' म्हणतात. वयाच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरे आहे. त्वचा पातळ होते, गालातली चरबी आटते आणि खाली सरकते, आतले हाडही थोडे झिजते. फिलर ही गेलेली भर परत देतो. नैसर्गिक स्वरूपातले हायल्युरोनिक अ‍ॅसिड टोचले तर शरीर ते काही दिवसांतच संपवील. म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्टसर जेल बनवतात. ते साधारणपणे सहा महिने ते दीड वर्ष टिकते. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता बहुतेक जिवाणूंच्या मदतीने तयार होते. बोटॉक्स ही वेगळी गोष्ट. ते स्नायू सैल करते, भर घालत नाही.

एका सिरिंजमध्ये बहुधा एक मिलिलिटर जेल असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा जेलने काय बिघडणार, असे वाटते. सूज, लाली, काळेनिळे डाग हे त्रास नेहमीचे, आठ-पंधरा दिवसांत ओसरणारे. (म्हणूनच लग्नाच्या आदल्या आठवड्यात ही हौस करू नये.) खरी भीती आहे ती जेल रक्तवाहिनीत जाण्याची. हे क्वचित घडते, पण घडले तर वेळ फार थोडा असतो. भुवयांच्या मधला भाग, नाक आणि कपाळ या जागा विशेष धोक्याच्या. इथल्या धमन्यांचे डोळ्याच्या धमनीशी नाते आहे. सुईच्या दाबाने जेल उलट दिशेला ढकलले गेले तर ते थेट दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकते. दृष्टिपटल रक्ताविना जेमतेम तास-दीड तास तग धरते. गेलेली नजर परत येण्याची शक्यता फारच कमी.

टोचताना किंवा नंतर असह्य दुखणे, त्वचा पांढरीफटक पडणे, मग तिथे जाळीसारखे निळसर-जांभळे ठिपके दिसणे ही रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे. 'सूज आहे, उतरेल' म्हणून बर्फ लावत घरी बसणे सर्वात वाईट. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दिसण्यात किंचितही फरक जाणवला तर त्याच क्षणी नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे.

दिलाशाची बाब म्हणजे या फिलरवर उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचे विकर हे जेल विरघळवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा बधिर करण्याच्या इंजेक्शनात डॉक्टर ते कित्येक वर्षे मिसळत आले आहेत, म्हणजे औषध काही दुर्मीळ नव्हे. ते वेळेत, पुरेशा मात्रेत दिले तर त्वचा वाचते. पण ज्या ब्यूटी पार्लरमध्ये फेशियलच्या खुर्चीवर फिलर टोचला जातो, तिथे हे औषध नसते आणि ते कधी द्यायचे हे जाणणारा माणूसही नसतो. सुईशिवाय, दाबाने जेल आत सोडणारी 'पेन' ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला, तरी विक्री चालूच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न भावाचा नको. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का, या कामाचे प्रशिक्षण घेतले आहे का, उतारा इथे हाताशी आहे का, हे विचारावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे टाळावे. दाताला पू झाला असेल किंवा चेहऱ्यावर पुरळ-फोड असतील तर आधी ते बरे होऊ द्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, पण हृदयासाठी दिलेली गोळी सौंदर्यासाठी परस्पर बंद करू नये.

सिलिकॉनसारख्या कायमस्वरूपी फिलरला उतारा नाही, त्याच्या गाठी वर्षांनंतरही उद्भवू शकतात. म्हणून खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे. त्यावर नाव, उत्पादन क्रमांक आणि मुदत छापलेली असते. बहुतेक खोक्यांत त्याचे स्टिकरही असते. ते मागून घेऊन घरच्या फाइलमध्ये चिकटवावे. पुढे कधी गाठ आली, तर आत नेमके काय आहे हे समोरच्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.