गाठ यांच्याशी आहे!

अडीच लाखांत एक! लॉटरीचा चान्स वाटतोय ना? हा हिशेब रक्ताच्या कॅन्सरचा आहे. १९९४ मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या टीमने एएमएल या ल्युकेमियाच्या पेशी उंदरांना टोचल्या. अडीच लाख पेशींमागे साधारण एकच अशी निघाली, जी उंदराच्या अंगात नव्याने ल्युकेमिया उभा करू शकत होती.

या पेशीचं नाव कॅन्सर स्टेम सेल. ती आपल्यासारख्याच नव्या पेशी तयार करते आणि गाठीतल्या बाकीच्या पेशींनाही जन्म देते. हरळी वरवर कापली आणि मुळी राहिली, तर पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवीगार होते, इथेही तसंच. केमोने गाठ विरघळते, स्कॅन क्लीन येतो, पण ही मूठभर मंडळी तग धरून राहिली तर खेळ पुन्हा सुरू!

१०० विरुद्ध १ लाख! जिंकलं कोण? २००४ मध्ये टोरांटोच्याच पीटर डर्क्स यांनी मेंदूच्या ट्यूमरमधल्या पेशी दोन गटांत विभागल्या. अंगावर सीडी१३३ नावाचं प्रोटीन मिरवणाऱ्या अवघ्या १०० पेशींनी उंदराच्या मेंदूत ट्यूमर उभा केला. ते प्रोटीन नसलेल्या १ लाख पेशींना ते जमलं नाही.

झोपून राहिल्याने जीव वाचतो, माहीत आहे का? बरीच केमो औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर नेम धरतात. म्हणूनच तर केस गळतात. कॅन्सर स्टेम सेल्स मात्र पुष्कळदा विभागणी थांबवून निवांत पडून असतात. औषधाचं वादळ सरलं, की उठून कामाला लागतात.

आता जरा पेशी तपासणाऱ्या मशीनमध्ये डोकावू या. हेक्स्ट ३३३४२ नावाचा एक रंग पेशींना पाजला, की अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात त्या निळ्या चमकतात. पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ठिपक्यांचा मोठा ढग दिसत असताना कडेला एक बारीक शेपूट उमटतं. हे कोण? रंग पोटात ठेवायलाच तयार नसलेल्या पेशी! त्यांच्या आवरणात पंप असतात आणि आत आलेला रंग ते बाहेर फेकतात. रंग फेकणारे हेच पंप केमोची कित्येक औषधंही बाहेर फेकतात. या कडेच्या टोळीत स्टेम सेल्सचा भरणा असतो.

दारू आणि केमोचं नातं काय? एएलडीएच! दारूतून तयार होणाऱ्या विषारी अॅसिटाल्डिहाइडची वासलात लावणारं हे एन्झाइमांचं कुटुंब. अनेक कॅन्सर स्टेम सेल्समध्ये याच कुटुंबातले सदस्य ठासून भरलेले असतात आणि ते सायक्लोफॉस्फामाइड या नामांकित केमो औषधाची धार बोथट करतात.

रेडिएशनने तरी मरतील? २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत दिसलं, की ग्लायोमा या मेंदूच्या ट्यूमरमधल्या स्टेम सेल्स किरणांनी तुटलेला डीएनए इतर पेशींपेक्षा चटकन दुरुस्त करतात. गॅरेज घरातच!

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात, केमोने मरणाऱ्या पेशी जाता जाता प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन सोडत होत्या आणि त्याने झोपलेल्या स्टेम सेल्स जाग्या होत होत्या. उंदरांमध्ये ही हाक कशाने दाबली, माहीत आहे का? सांधेदुखीवर देतात त्या सेलेकॉक्सिबने!

पुणेकरांनो, कॉलर ताठ करा! गणेशखिंडीतल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये (एनसीसीएस) डॉ. शर्मिला बापट यांच्या टीमने अंडाशयाच्या कॅन्सरमधल्या स्टेम सेल्सवरचं काम २००५ मध्येच प्रसिद्ध केलं. रुग्णाच्या पोटात साठलेल्या पाण्यातून त्यांनी या पेशी वेगळ्या काढल्या. जगभर या विषयाची चर्चा रंगू लागली होती, तेव्हाच आपलं पुणं मैदानात होतं.

कोंबड्यांचं औषध आणि कॅन्सर? येस! २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १६,००० रसायनं तपासली गेली. स्तनाच्या कॅन्सरमधल्या स्टेमसारख्या पेशींना टिपण्यात सॅलिनोमायसिन चमकलं. पोल्ट्रीत ते जंतुसंसर्ग रोखायला वापरतात. घोड्याने खाल्लं तर मात्र जिवावर बेततं, आणि माणसांसाठी कॅन्सरचं औषध म्हणून ते मंजूर नाही.

आता चला आयडाहोला. १९५० च्या दशकात तिथे एकाच डोळ्याची कोकरं जन्माला येऊ लागली. दोषी कोण? गाभण मेंढ्यांनी खाल्लेली कॉर्न लिली ही रानवनस्पती! तिच्यातलं सायक्लोपामीन पेशींमधला हेजहॉग सिग्नल बंद पाडत होतं. अनेक ट्यूमरमधल्या स्टेम सेल्सही याच सिग्नलवर टिकाव धरतात. मग तो मुद्दाम बंद करणारी औषधं आली: २०१२ मध्ये त्वचेच्या कॅन्सरसाठी व्हिस्मोडेजिब, २०१८ मध्ये एएमएलसाठी ग्लासडेजिब. आणि या हेजहॉग सिग्नलच्या एका जीनचं नाव आहे चक्क सोनिक हेजहॉग, व्हिडिओ गेमच्या हिरोवरून!

थांबा, एक ट्विस्ट आहे. २००८ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या टीमने प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेले उंदीर वापरले, तर मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या दर ४ पेशींमागे १ ट्यूमर उभा करू लागली. शिवाय साधी कॅन्सर पेशीही कधीकधी स्टेम सेलचे गुण उचलते. म्हणजे 'मूठभरांना मारा, काम फत्ते' हे सूत्र प्रत्येक कॅन्सरला लागू नाही.

पण जिंकलेली मॅचही आहे! एपीएल हा ल्युकेमिया एकेकाळी फार झपाट्याने जीव घ्यायचा. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात त्याच्या पेशींना थेट मारण्याऐवजी व्हिटॅमिन ए च्या भाऊबंदाने 'मोठं' केलं. वयात आलेली पेशी मग आपसूक मरते. जोडीला आर्सेनिक आलं, म्हणजे आपल्या ओळखीच्या सोमलाच्या कुळातलं औषध. या जोडीने आज बहुतेक रुग्ण बरे होतात आणि आजार पुन्हा पेटवणाऱ्या पेशीही नाहीशा होतात. माझ्या मते या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट!

'रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळी कशाला?' असं वाटतंय? सीएमएल या ल्युकेमियावर इमॅटिनिब ही गोळी जबरदस्त चालते, पण मूळ स्टेम सेल्स लपून राहू शकतात. फ्रान्समध्ये किमान दोन वर्षं आजाराचा मागमूस नसलेल्या रुग्णांची गोळी डॉक्टरांनी ठरवून थांबवली. २०१० मध्ये छापलेल्या निकालात ६९ पैकी ४२ जणांचा आजार परतला होता, बहुतेकांचा सहा महिन्यांच्या आत. दर महिन्याला तपासणी होती म्हणून तो लगेच पकडला गेला आणि गोळी पुन्हा सुरू करता आली. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि फॉलोअपची तारीख चुकवू नका!