बंपरसाठी लोखंड कोणते?

पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलवाटांवर जुन्या जिप्सी आणि थार घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक नवे काम आले. पुढचा बंपर, दारांखालच्या आडव्या पट्ट्या आणि इंजिनाखालचा संरक्षक पत्रा घरगुती पद्धतीने बनवून घ्यायचा. तयार माल महाग, शेजारी वेल्डर आहे, भंगारात पाइप आहे. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सगळ्यात मजबूत काय?’

अडचण या ‘मजबूत’ शब्दापासूनच सुरू होते. रोजच्या बोलण्यात तो तीन-चार गुणांसाठी एकदमच वापरला जातो. धातू किती ताठ आहे, किती जोर लावल्यावर कायमचा वाकतो, वाकताना तुटतो की चिवटपणे टिकतो आणि दगडाने त्यावर किती ओरखडे पडतात, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एकात पहिला येणारा धातू दुसऱ्यात नापास होऊ शकतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ट्रकच्या जुन्या कमानीचे पाटे. भंगारात ते स्वस्त मिळतात, हातोड्याने वाकत नाहीत, त्यामुळे बंपरसाठी आदर्श वाटतात. पण त्या पोलादात कार्बन भरपूर असतो. साध्या बांधकामाच्या लोखंडात, म्हणजे दुकानदार ज्याला एम.एस. म्हणतो त्यात, कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. कमानीत तो त्याच्या दुपटीहून अधिक. असे पोलाद वेल्डिंगने तापून झपाट्याने थंड झाले की टाक्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. टाका दिसायला सुरेख, आणि पहिल्याच जोरदार धक्क्याला त्याच्या बाजूने चीर. दोरीने दुसरी गाडी ओढून काढताना हुक असाच सुटला, तर तो गोळीसारखा काचेवर येतो. कमानीचे लोखंड कमानीतच शोभते.

ताठपणाबद्दल आणखी एक गैरसमज आहे. महाग, उच्च ताकदीचे पोलाद घेतले तर बंपर कमी लवेल असे वाटते. प्रत्यक्षात सगळ्या पोलादांचा मूळ ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग पोलाद कायमचे वाकायला जास्त जोर घेते, एवढेच. ताठपणा येतो तो आकारातून. 4 मिलिमीटरऐवजी 5 मिलिमीटरचा पत्रा घेतला, तर वजन पाव पटीने वाढते, पण ताठपणा जवळपास दुप्पट होतो. पत्र्याची कड दुमडली तर वजन न वाढताही मोठा फरक पडतो. बाहेरून 48 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी असलेला पाइप आणि त्याच वजनाची भरीव सळई शेजारी ठेवली, तर पाइप सुमारे सातपट ताठ असतो. भरीव लोखंडाचा सोस हा निव्वळ वजनाचा सोस आहे.

आणि वजन फुकट मिळत नाही. 5 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा 39 किलो भरतो. पुढच्या चाकांच्या पाऊण मीटर पुढे लटकलेला 50 किलोचा बंपर तरफेसारखा काम करतो. आखूड जीपमध्ये पुढच्या चाकांवर सुमारे 65 किलो जादा भार येतो आणि मागची चाके सुमारे 15 किलोने हलकी होतात. उतारावर ब्रेक लावताना ते जाणवते.

चकचकीत स्टेनलेस स्टील गंजत नाही, म्हणून कोकणातल्यांना ते खुणावते. पण नेहमीच्या प्रकारांची वाकण्याची मर्यादा एम.एस.हून जास्त नसते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते अधिक प्रसरण पावत असल्याने काम वेडेवाकडे होते. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश, वजनही साधारण तेवढेच. 4 मिलिमीटर पोलादाइतका ताठ पत्रा हवा तर सुमारे 6 मिलिमीटर ॲल्युमिनियम लागते, तरीही वजन निम्मेच राहते. इंजिनाखालच्या पत्र्यासाठी तो सौदा वाईट नाही. मात्र दगडावर पोलाद घसरते, तर मऊ ॲल्युमिनियम अडते आणि खरवडले जाते. शिवाय पोलादी बोल्टभोवती खारी हवा त्याला कुरतडते. कडक केलेले काही मिश्रधातू वेल्ड केले की टाक्याजवळ त्यांची जवळपास निम्मी ताकद जाते, त्यामुळे असा पत्रा बोल्टनेच बसवावा. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये बहुतेक भागांसाठी साधे एम.एस. आणि वर चांगला रंग हेच शहाणपणाचे उत्तर ठरते.

गाडीखाली आणि बाजूला हे सगळे ठीक. पुढच्या भागाचे गणित मात्र उलटे आहे. कंपनीचा पुढचा भाग चेपला जातो, तो कमकुवत म्हणून नव्हे, तर माणसाच्या वाटचा धक्का स्वतःवर घेण्यासाठी. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळून 60 सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट झटका बसतो. न वाकणाऱ्या बंपरमुळे ती 30 सेंटिमीटरमध्येच थांबली, तर झटका 32 पट होतो. लोखंड वाचते, बरगड्या वाचत नाहीत. जादा लोखंडामुळे एअरबॅगच्या संवेदकांना पोहोचणारा धक्काही बदलतो, आणि पिशवी चुकीच्या क्षणी उघडू शकते.

बाहेरच्याची स्थिती याहून वाईट. मोटारीचे बॉनेट चालणाऱ्याला थोडे तरी झेलते, पाइप झेलत नाही, आणि अनेक गाड्यांवर त्या पाइपची उंची नेमकी लहान मुलाच्या डोक्याएवढी असते. युरोपीय संघाने 2005 मध्येच अशा संरक्षक चौकटींसाठी चाचण्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार बसवणाऱ्या वाहनांवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे बदल बेकायदा ठरतात. डोंगरात जाणारी गाडीही डांबरी रस्त्याने, शाळांवरूनच जाते. तेव्हा हौस भागवायची तर ती इंजिनाखालच्या पत्र्यावर भागवावी, आणि त्यातही मूळ गाडीत काय बदलते आहे हे आरटीओत विचारून.

आता वेल्डरच्या बाजूने. भंगारात सर्वात सहज मिळणारा पाइप पाण्याचा, जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जी.आय.चा. बंपरसाठी तोच घेतला जातो. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळते आणि वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी गरम असते. मुलामा जळतो, पांढरा धूर उठतो. हा जस्ताच्या ऑक्साइडचा बारीक धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, घशाला कोरड आणि तोंडात धातूची चव येते. याला धातुधुराचा ताप म्हणतात. सलग काम करणाऱ्याला त्याची थोडी सवय होते, सुटीनंतर ती मोडते. त्यामुळे कारखान्यांत त्याला सोमवारचा तापही म्हटले जाई.

शेडमध्ये यावर दूध किंवा गूळ देतात. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, पण फुप्फुसात गेलेला धूर पोटात गेलेल्या दुधाने निघत नाही. उपयोगी पडते ते मुलामा नसलेला पाइप घेणे, उघड्यावर वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असे उभे राहणे आणि तोंडाला रुमालाऐवजी धुरासाठीचा मास्क लावणे. स्टेनलेसच्या धुरात घातक प्रकारचे क्रोमियम असते, त्यामुळे तिथे ही काळजी दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये सर्वच वेल्डिंगच्या धुराला मानवी कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात घातले. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने तेल पुसून ते पूर्ण वाळण्याआधी वेल्डिंग केले, तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

धातुधुराचा ताप सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. गोंधळ होतो तो पावसाळ्यात. दुपारी पाइप जोडला, रात्री हुडहुडी भरली, तर घरचे मलेरिया किंवा फ्लू समजतात आणि दवाखान्यात कोणी वेल्डिंगचे नावही काढत नाही. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप दोन दिवसांपलीकडे गेला, तर थांबू नये, आणि डॉक्टरांना आदल्या दिवशी कोणता पाइप, किती वेळ आणि बंद शेडमध्ये की उघड्यावर जोडला, हे आपणहून सांगावे.