संकेतस्थळांतील नेहमींचे दोष व त्यांवरील उपाय

सात-बाराचा उतारा, पिकाची नोंद, अनुदानाचा अर्ज, पीकविमा, निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी, हीं सर्व कामें आतां संगणकावर किंवा मोबाईलवर चालतात. ज्या कामासाठीं पूर्वीं चावडीवर चार-चार खेटे घालावे लागत, त्यांतील पुष्कळसा भाग घरबसल्या होऊं लागला, ही सोय लहान नाहीं. परंतु ज्या संकेतस्थळावर, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतील वेबसाइटवर, हीं कामें व्हावयाचीं, तें नीट रचलेलें नसेल तर सोयीचीच गैरसोय होते. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत देण्याचा नियम घालण्यांत आला. अशा प्रसंगीं अर्ज अर्ध्यावर अडला, तर नुकसान केवळ वेळाचें होत नाहीं. वर्षाच्या पिकाचें होतें. म्हणून हे दोष कोणते व ते कसे दूर करावे, याचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. ज्या सहकारी संस्था स्वतःचें संकेतस्थळ काढूं इच्छितात, त्यांच्या चालकांनीं तर तो अवश्य करावा.

या विषयाचें मूळ तत्त्व ओझरच्या शेतकऱ्यांस नवें नाहीं. वाघाड धरणाच्या कालव्यावर आपली जमीन टेलला, म्हणजे शेवटच्या टोकास, येते. धरण भरलेलें असूनही टोकाचीं शेतें कोरडीं राहत, हें जुन्या मंडळींस चांगलें आठवतें. समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारें बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनीं पुढाकार घेतला आणि १९९० नंतर महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था येथें उभ्या राहिल्या. त्या अनुभवानें एक गोष्ट सर्वांस पटली कीं, कालव्याची परीक्षा मुखाशीं करावयाची नसते. ती टोकाशीं करावयाची असते. टोकाच्या शेतांत पाणी पोंचलें, तरच कालवा नीट चालला असें म्हणावें.

संकेतस्थळाचेंही असेंच आहे. तें तयार करणारा कारागीर शहरांतील कचेरींत, मोठ्या पडद्यासमोर, वेगवान जोडणीवर बसून तें पाहतो. हें झालें कालव्याचें मुख. टोकास कोण आहे? पांच वर्षांपूर्वींचा मोबाईल, रेंजची एक काडी, डोळ्यांवर चाळिशी आणि डोक्यावर दुपारचें ऊन असा बागेंत उभा असलेला शेतकरी. त्याचें काम झालें तरच संकेतस्थळ चाललें. पुढील बहुतेक सर्व दोष या एका गोष्टीच्या विसरामुळें उत्पन्न होतात.

पहिला दोष : हवी ती गोष्ट सापडत नाहीं.— पुष्कळ संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांचीं छायाचित्रें, सरकत्या बातम्या आणि संस्थेचा इतिहास यांचीच गर्दी असते. सभासद मात्र चार-पांच ठराविक कामांसाठीं येतो : पाणीपाळी केव्हां आहे, आपली बाकी किती, अर्ज कोठें करावा, भाव काय आहे आणि कोणास फोन करावा. हीं कामें पहिल्या पानावर, अगदीं वरच्या भागांत, मोठ्या अक्षरांत असावीं. इतिहास मागें ठेवावा. नांवेंही शेतकऱ्याच्या बोलींतील हवीं. नुसतें ‘नमुना ७’ असें लिहिल्यास कचेरींतील कारकुनास कळतें, नव्या सभासदास कळत नाहीं. ‘पाण्याचा मागणी अर्ज, नमुना ७’ असें लिहिलें कीं दोघांसही कळतें. शोधण्याचे मार्गही एकाहून अधिक असावे. ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांकाखेरीज खातेदाराच्या नांवावरूनही उतारा शोधण्याची सोय ठेवण्यांत आली, ती याच दृष्टीनें उपयोगाची होय. कारण वाटणीनंतरचा गट क्रमांक प्रत्येकास पाठ असतोच असें नाहीं.

दुसरा दोष : अक्षर वाचतां येत नाहीं.— पांढऱ्या पानावर फिकट करडें बारीक अक्षर कचेरींत सुंदर दिसतें, पण उन्हांत दिसेनासें होतें. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेनें २००८ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत साध्या मजकुराचें अक्षर व त्यामागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण किमान ४.५ ला १ असावें असें सांगितलें आहे. भारत सरकारनेंही २००९ सालीं आपल्या खात्यांच्या संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक नियम काढले. पांढऱ्यावर काळें अक्षर ठेवलें तर हें प्रमाण मोजण्याचेंही कारण पडत नाहीं. मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनेंच लिहावा. १९९१ पासून त्या पद्धतीत देवनागरीस स्थान आहे. जुन्या फॉन्टमध्यें लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. तसेंच छापील परिपत्रकाचें चित्र काढून तें चिकटविण्याची चाल सोडावी. असें चित्र मोबाईलवर ताणून वाचावें लागतें, त्यांतील शब्द शोधतां येत नाहीं आणि दृष्टिहीन मनुष्यास मजकूर वाचून दाखविणारें यंत्रही तेथें मुकें होतें.

तिसरा दोष : पान उघडण्यास विलंब.— मोबाईलवर काढलेलें एक छायाचित्र सहज तीन-चार एमबी भरतें. अशीं दहा छायाचित्रें पहिल्या पानावर घातलीं कीं कमी रेंजमध्यें तें पान उघडतच नाहीं. या विषयांतील प्रसिद्ध अभ्यासक जेकब नीलसन यांच्या मतें सुमारें दहा सेकंदांपलीकडे मनुष्याचें लक्ष कामावर टिकत नाहीं. चित्रें लहान करून घालावीं, आणि मजकूर आधीं व चित्रें मागून येतील अशी रचना करावी. शोभेपेक्षां पोंच महत्त्वाची.

चौथा दोष : अर्ज.— सर्वांत अधिक हाल येथें होतात. वीस रकाने भरावे आणि शेवटीं ‘त्रुटी आहे, पुन्हां प्रयत्न करा’ एवढेंच उत्तर येऊन सर्व लिहिलेलें पुसून जावें, हा अनुभव कोणास नाहीं? याचे उपाय कठीण नाहींत. कोणकोणते कागद जवळ हवेत, छायाचित्र किती केबीचें हवें, हें आरंभींच सांगावें. जें माहीत आहे तें पुन्हां विचारूं नये. अर्धा अर्ज राखून ठेवतां यावा. चूक झाल्यास ती ज्या रकान्यांत आहे त्याच्याशेजारीं, साध्या मराठींत, उपायासह सांगावी : ‘आधार कार्डावरील नांव व सात-बारावरील नांव जुळत नाहीं, अमुक कागद जोडा.’ शेवटीं अर्ज क्रमांक व तारीख यांसह पोच मिळावी.

चूक सुधारण्याची वाट ठेवणेंही तितकेंच अगत्याचें आहे. याचें चांगलें उदाहरण आपल्या राज्यांतीलच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचें ॲप राज्यभर सुरू झालें व शेतकरी स्वतः शेतांत उभा राहून पिकाची नोंद करूं लागला. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत केलेली नोंद ४८ तासांच्या आंत स्वतःच दुरुस्त करण्याची सोय देण्यांत आली, आणि मिश्र पिकांत दोहोंऐवजीं तीन दुय्यम पिकें नोंदवितां येऊं लागलीं. शेतांत जें खरें असतें त्यास कागदानें जागा करून द्यावी, कागदासाठीं शेत बदलतां येत नाहीं, हें येथें ओळखलें गेलें.

या दोषांचा एक परिणाम विशेष घातक आहे. अर्ज स्वतःस जमत नाहीं म्हणून शेतकरी आपला मोबाईल, ओटीपी व बँकेचीं कागदपत्रें दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो. मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. पण ओटीपी देणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही देण्यासारखें आहे, हें लक्षांत ठेवावें. संकेतस्थळ सोपें करणें हा याचा खरा प्रतिबंध होय.

आतां परीक्षा कशी घ्यावी तें सांगतों. नीलसन यांनीं २००० सालीं असें मांडलें कीं, पांच माणसांस बसवून पाहिलें तरी बहुतेक दोष उघडे पडतात. संस्थेनें पांच सभासद बोलवावे. त्यांत एक वृद्ध, एक स्त्री खातेदार आणि एक जुना मोबाईल वापरणारा अवश्य असावा. प्रत्येकास एकेक काम द्यावें : ‘आपली बाकी शोधा’, ‘हा अर्ज भरा’. मग चालकांनीं मागें उभें राहून मुकाट्यानें पहावें; शिकवूं नये, बोट दाखवूं नये. सभासद जेथें थबकला तेथें दोष आहे असें टिपून घ्यावें. तेवढें दुरुस्त करून पुन्हां दुसरे पांच बसवावे. यास खर्च म्हणजे एक दुपार व चहा.

एकदां नीट केलेलें संकेतस्थळही चारीप्रमाणें दर हंगामास साफ करावें लागतें. मागील वर्षाचें वेळापत्रक तसेंच राहिलें तर न सांगण्यापेक्षांही तें वाईट. म्हणून प्रत्येक पानावर ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून तारीख घालावी आणि तें काम एका नेमलेल्या माणसाकडे द्यावें.

वाचकांसही आमची एक विनंती आहे. कोणत्याही संकेतस्थळावर अडल्यास ‘साइट चालत नाहीं’ एवढें म्हणून थांबूं नये. तारीख, वेळ, कोणतें पान व कोणता संदेश आला हें लिहून, पडद्याचें चित्र जोडून, संबंधित कचेरीकडे लेखी कळवावें, व त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. मुदत हुकल्यास हाच कागद कामास येतो, आणि दुरुस्ती करणारासही दोष नेमका कोठें आहे तें कळतें.