दिवाळं निघायच्या आधी एकदा समोरासमोर बसा

ज्यांना गाडीवर किंवा शेतात हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय जरा कोर्टकचेरीचा आहे, पण आपल्या खिशाशी थेट संबंध असलेला आहे.

मी मूळचा ताडकळसचा, पोटापाण्यासाठी कोडिंग करतो. आमच्याकडे एक शब्द आहे, डेडलॉक. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत अडकतात, कुणीच हलत नाही. उधारीचं भांडण अगदी तसंच असतं. "आधी पैसे दे, मग माल" आणि "आधी माल दे, मग पैसे".

समजा, आपल्या गावातल्या एका वर्कशॉपवाल्यानं एका कंपनीला सुटे भाग बनवून दिले. 12 लाख अडकले. कंपनी म्हणते, अर्धा माल खराब होता. आता तो काय करणार?

पहिला विचार येतो, कंपनीचं दिवाळं काढू! 2016 चा दिवाळखोरी कायदा आहेच की. पण मार्च 2020 पासून थकबाकीची किमान मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी झाली. म्हणजे 12 लाखांसाठी त्याला हे दार बंद. आणि रक्कम मोठी असली, तरी मालाबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही. सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये मोबिलॉक्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय.

खरी गंमत पुढे आहे. उद्या एखाद्या बँकेनं त्याच कंपनीविरुद्ध अर्ज केला आणि एनसीएलटीनं, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणानं, तो दाखल करून घेतला, तर वसुलीला स्थगिती लागते. आपल्या माणसाचा दावा जिथल्या तिथे थांबतो. त्याला फक्त आपलं येणं नोंदवता येतं. कर्जदात्यांच्या समितीत बँका बसतात, मत त्या देतात. समिती बनल्यावर तडजोड करून केस मागे घ्यायची तर 90 टक्के मतं लागतात. आणि कंपनी विकून वाटप झालंच, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका. माल पुरवणारा रांगेत पार मागे.

म्हणून मध्यस्थीची खरी वेळ कोणती? दार बंद व्हायच्या आधीची.

मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे, लवादही नव्हे. तो निकाल देत नाही. दोघांना वेगवेगळं ऐकतो, मग एकत्र बसवतो. तिथे कोर्टात न मिळणाऱ्या गोष्टी ठरू शकतात: 12 ऐवजी 9 लाख, सहा हप्त्यांत, खराब भाग बदलून देणार, पुढची ऑर्डर चालू. तिथे बोललेलं नंतर पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून माणसं मोकळी होतात.

ही कल्पना आपल्याला नवी नाही बरं का. 1875 मध्ये सुपे भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांपुरता. (आपली परभणी तेव्हा निजामाकडे होती.) त्यात शेतकऱ्याच्या दिवाळखोरीची सोय होती, आणि तडजोड घडवणारे अधिकारीही होते. जिथे ते नेमले होते, तिथे सावकाराला तडजोड फसल्याचा दाखला घेतल्याशिवाय दावा लावता येत नसे. न्यायमूर्ती रानड्यांनीही पुढे या कायद्याखाली काम केलं. पण यात एक धोका आहे. सक्तीची तडजोड नुसत्या शिक्क्यापुरती उरू शकते, आणि दुबळ्या बाजूला दबून सही करावी लागू शकते.

म्हणूनच 2024 मध्ये टी. के. विश्वनाथन समितीनं दिवाळखोरी प्रकरणांत मध्यस्थी ऐच्छिक ठेवा, आणि कायद्याची मुदत वाढू देऊ नका, असं सुचवलं. केस सुरू झाल्यावरही मध्यस्थी चालते. अमेरिकेत डेट्रॉइट शहरानं 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा कोर्टानं नेमलेल्या मध्यस्थानंच पेन्शन आणि कलासंग्रहालयाचा तिढा सोडवला.

मग करायचं काय? बिलं, डिलिव्हरी चलन, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा. उत्पादन किंवा सेवेचा छोटा धंदा असेल तर उद्यम नोंदणी आधीच करा. मग 45 दिवसांत पैसे न आल्यास ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि सुविधा परिषद आधी समेटच घडवायला बघते. समझोता लेखी घ्या, हप्ता चुकला तर काय हेही लिहा. आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण 2023 च्या मध्यस्थी कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतायत.

अजून एक. समोरचा पार बुडायच्या आधी बोला. बुडाल्यावर रांग लागते, आणि त्या रांगेत आपला नंबर शेवटचा असतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या थकलेल्या उधारीची तारीख एकदा तपासा!